लावलेल्या बलाची बेरीज दाखवा

पवनचक्कीची पाती मेशमध्ये जशीच्या तशी उभी करणे आपल्यापैकी फार थोड्यांना परवडते. म्हणून आपण पाती वगळतो आणि रोटरच्या चकतीत येणाऱ्या सेलमध्ये, संवेगाच्या समीकरणात, वाऱ्याच्या विरुद्ध बल घालतो. रँकिन-फ्रूड यांच्या चकतीपासून २००२ साली सोरेन्सन आणि शेन यांनी मांडलेल्या अ‍ॅक्च्युएटर लाइनपर्यंत या पद्धतीचा पाया पक्का आहे. काळजी वाटते ती वापराची. आमच्याकडे येणाऱ्या लेखांत वेगाची रंगीत चित्रे भरपूर असतात. प्रवाहावर एकूण किती न्यूटन बल लागले, हा आकडा मात्र क्वचितच सापडतो.

डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडचे हॉर्न्स रेव्ह १ हे पवनचक्क्यांचे क्षेत्र घ्या. तिथल्या रोटरचा व्यास ८० मीटर, क्षेत्रफळ सुमारे ५,०२७ चौरस मीटर. वारा सेकंदाला ८ मीटर आणि थ्रस्ट गुणांक ०.८ धरला, तर रेटा सुमारे १५८ किलोन्यूटन येतो. हा गुणांक दूरच्या, अबाधित वाऱ्यावर बेतलेला असतो. सॉल्व्हरकडून हाती येतो तो चकतीतला वेग, आणि तो आधीच मंदावलेला असतो. सूत्रात तोच गेला की साध्या संवेग सिद्धांताच्या हिशेबाने प्रत्यक्ष गुणांक ०.५६ वर स्थिरावतो आणि रेटा उरतो ११० किलोन्यूटन. रेसिड्युअल व्यवस्थित खाली येतात, चित्र सुरेख दिसते, आणि मागच्या रांगेतल्या चक्क्यांच्या वाट्याला खऱ्यापेक्षा जास्त वारा येतो. चकतीतला वेगच वापरायचा असेल, तर गुणांक १.५३ च्या आसपास घ्यायला हवा.

दुसरी गळती कडेला होते. गोल कड चौकोनी सेलमधून जाते, त्यामुळे निवडलेल्या सेलचे एकूण घनफळ कागदावरच्या चकतीशी जुळत नाही. रेट्याला भागायचे ते या प्रत्यक्ष बेरजेने. सॉल्व्हर घनतेने भागलेले समीकरण सोडवत असेल, तर बलही घनतेने भागूनच द्यावे लागते. पाण्यातल्या प्रोपेलरच्या बाबतीत इथली चूक हजारपट असते.

राहिला प्रश्न बलाच्या अचानक उडीचा. वेग आणि दाब दोन्ही सेलच्या केंद्रात साठवणाऱ्या सॉल्व्हरमध्ये या उडीपाशी दाब हेलकावे खातो. म्हणून बल गाऊसियन वजनाने आजूबाजूला पसरवतात, आणि पसरणीची रुंदी निदान दोन सेलइतकी ठेवतात. पण रुंदी वाढवली की पात्याच्या टोकाचे भोवरे पुसट होतात आणि चक्कीने घेतलेली शक्ती फुगलेली दिसते. म्हणजे ही रुंदी निकाल बदलणारी निवड आहे, आणि ती वाचकापासून लपून राहू नये.

लेखकांना आमची विनंती आहे: प्रत्येक सेलचे बल गुणिले त्याचे घनफळ यांची बेरीज न्यूटनमध्ये द्या, शेजारी अपेक्षित रेटा लिहा, आणि संदर्भवेग कुठला घेतला व पसरणीची रुंदी किती ठेवली तेही सांगा. पुढच्या अंकापासून हे आकडे नसलेला लेख परीक्षकांकडे जाण्याआधीच आम्ही लेखकाकडे परत पाठवू.