संस्थेची अब्रू आणि मुलींचा हक्क

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत शिशुवर्गातील दोन मुलींवर तेथील सफाई कामगाराने अत्याचार केल्याचे उघडकीस आले. तक्रार घेऊन गेलेल्या पालकांना पोलीस ठाण्यात तासन् तास ताटकळत ठेवले गेले. २० ऑगस्टला हजारो नागरिकांनी रेल्वेमार्ग रोखून धरला, तेव्हा कुठे मंत्रालय खडबडून जागे झाले. पुढे २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गोळीने मरण पावला आणि अनेकांनी ‘न्याय झाला’ असे म्हणून सुटकेचा निःश्वास टाकला.

खरोखर न्याय झाला काय? ज्या खटल्यात मुख्य आरोपीचा न्यायनिवाडा व्हायचा, त्यातून तोच नाहीसा झाला. एका नराधमाला संपवले की शाळा निर्धोक झाली, ही समजूत प्रस्थापितांच्या मोठ्या सोयीची आहे. कारण मग पुढचा प्रश्न कोणी विचारीत नाही : कळल्यावर शाळेने काय केले?

या प्रश्नाचे उत्तर कायद्याने केव्हाच दिलेले आहे. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा २०१२ चा कायदा, म्हणजे पॉक्सो, असे सांगतो की गुन्ह्याची माहिती मिळताच ती पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखाने दडवला, तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. बदलापुरात शाळेच्या चालकांवर व मुख्याध्यापिकेवर याच कलमाखाली गुन्हा दाखल करावा लागला. कायदा असूनही माहिती दडवली का जाते? संस्थेचे नाव खराब होईल, प्रवेश घटतील, संस्थेच्या राजकारणातील विरोधकांच्या हाती कोलीत मिळेल, म्हणून. मुलीच्या देहापेक्षा संस्थेची अब्रू मौल्यवान ठरते, हेच या रोगाचे मूळ आहे.

यावर शासनाला सुचलेला पहिला उपाय कोणता, तर शाळोशाळी सीसीटीव्ही! बदलापूरच्या त्याच शाळेतील पंधरा दिवसांचे चित्रण गायब असल्याचे खुद्द तत्कालीन शिक्षणमंत्र्यांनीच सांगितले होते. कॅमेऱ्याची किल्ली ज्याच्या हाती, पुरावाही त्याच्याच हाती. शिवाय कॅमेरा पाहतो, ऐकत नाही. आणि या प्रकरणांत गरज असते ती मुलीचे ऐकून घेणाऱ्या माणसाची.

जुलै २०२५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील शहापूरच्या एका शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले, म्हणून मुलींचे कपडे उतरवून त्यांची तपासणी करण्यात आली. मुख्याध्यापिकेला आणि एका महिला कर्मचारीला अटक झाली. तेथे कोणी परका पुरुष नव्हता. शिस्तीच्या नावाखाली स्त्रियांनीच हे केले. मुलीचे शरीर म्हणजे शरमेची वस्तू, तिच्यावर पहारा ठेवणे हे शाळेचे कर्तव्य, ही सरंजामी दृष्टी वर्गावर्गातून रुजलेली आहे. पाहुण्यांना पाणी मुलींनी द्यायचे, व्हरांडा मुलींनी झाडायचा, मैदान मात्र मुलांचे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह अनिवार्य केले. पण पाणी नसलेली, कुलूपबंद स्वच्छतागृहे कार्यकर्त्यांनी गावोगाव पाहिली आहेत. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकातील चित्रांतून घरकामात पुरुषालाही स्थान दिले, हे स्वागतार्हच. परंतु पुस्तकातले चित्र वर्गातल्या वागणुकीने रोज खोडले जात असेल, तर मूल कोणता धडा गिरवील?

समित्यांची तर वाण नाही. राजस्थानातील भंवरीदेवींवर १९९२ मध्ये झालेल्या अत्याचारातून १९९७ चा विशाखा निकाल आला. त्याचा कायदा व्हायला २०१३ साल उजाडले. त्यानुसार दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक शाळेत शिक्षिका व महिला कर्मचाऱ्यांसाठी अंतर्गत तक्रार समिती हवी. विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाने २०२२ मध्ये सखी सावित्री समितीचा निर्णय काढला. पण ज्यांच्याविरुद्ध तक्रार व्हायची, त्यांच्याच मर्जीने सदस्य नेमले जात असतील, तर अशी समिती म्हणजे तपासणी अधिकाऱ्यासाठी भिंतीवर लावलेला कागद होय. ज्या कंत्राटी शिक्षिकेची नोकरी वर्षावर्षाला चालकांच्या कृपेवर अवलंबून आहे, ती मुलीच्या बाजूने कशी उभी राहणार? नोकरीची शाश्वती हा वेतनाइतकाच मुलींच्या सुरक्षिततेचाही प्रश्न आहे.

काही शिक्षक मित्र खोट्या तक्रारींची भीती व्यक्त करतात. त्यांना आमचे सांगणे असे की निष्पक्ष चौकशी निर्दोष शिक्षकाचेही रक्षण करते. कुजबूज आणि दडपादडपी कोणाचेच करीत नाही. खरी भीती मुलीच्या मनात असते. घरी सांगितले तर शाळा बंद होईल आणि लग्न उरकले जाईल, हे ती ओळखून असते. तक्रारीची शिक्षा तक्रार करणारीलाच होते, म्हणून ती गप्प राहते.

तेव्हा आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. प्रत्येक समितीत संस्थेबाहेरची, चालकांच्या दबावाखाली नसलेली व्यक्ती हवी. समितीची नावे व तक्रारीची पद्धत मुलांना वर्गात समजावून सांगितली पाहिजे. तक्रार करणाऱ्या मुलीचे शिक्षण खंडित होणार नाही, याची हमी शिक्षण खात्याने दिली पाहिजे. मुलगेही अत्याचाराला बळी पडतात आणि पॉक्सो त्यांनाही संरक्षण देतो, हेही सांगितले पाहिजे.

आणि शेवटी एक कटू गोष्ट. आपल्यापैकी कित्येक साथी शिक्षक आहेत, काही संस्थाचालकही आहेत. पुण्यात १८४८ मध्ये मुलींची शाळा काढणाऱ्या सावित्रीबाई-जोतीरावांच्या प्रतिमेला हार घालण्याचा अधिकार आपल्याला तेव्हाच पोचतो, जेव्हा आपल्या स्वतःच्या शाळेतली मुलगी निर्भयपणे तक्रार करू शकेल. मोर्चा मंत्रालयावर नेण्याआधी प्रत्येक साथीने येत्या पालकसभेत उभे राहून एवढेच विचारावे : आपल्या शाळेची समिती कोठे आहे, आणि ती शेवटची कधी बसली?