पळताना देवाकडे काय मागावं?

लेहला असताना आमची क्रॉस-कंट्रीची टीम सकाळी निघायची, तेव्हा प्रत्येकाच्या तोंडात काही ना काही असायचं. युनिट सगळ्या प्रांतांचं. पंजाबचा नायक वाहेगुरू म्हणायचा, नुब्य्राकडचा शिपाई 'ओम मणि पद्मे हुं' पुटपुटायचा आणि मी आपला विठ्ठल विठ्ठल. पहिला किलोमीटर थट्टामस्करीत जायचा. चढ लागला की सगळे गप्प आणि मग ज्याचं त्याचं नाम सुरू.

लेह साडेअकरा हजार फुटांवर आहे. तिथल्या श्वासात समुद्रसपाटीच्या साधारण दोन-तृतीयांशच प्राणवायू मिळतो. नवीन माणसाला पहिले सहा दिवस सवय करून घ्यायला ठेवतात, त्यातले दोन दिवस तर नुसती विश्रांती. सवय झाल्यावरसुद्धा पळताना छातीचा भाता होतो. अशा वेळी मन एकच उद्योग करतं, उरलेलं अंतर मोजायचं. नामाचा उपयोग तिथे आहे. एका पावलाला 'विठ्', दुसऱ्याला 'ठल'. पावलं आणि श्वास एका तालात आले की मोजणी आपोआप थांबते. याला कुणी भक्ती म्हणो, कुणी सवय. मला त्या वादात पडायचं नाही. आमचे काही शिकलेले मित्र याला हसतात. त्यांनी एकदा पाठीवर वजन आणि हातात रायफल घेऊन बीपीईटीचे पाच किलोमीटर पळावेत, मग बोलू.

पण देवाकडे नंबर मागणं मला कधी पटलं नाही. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या अविनाश साबळेचं स्टीपलचेसचं सुवर्ण पाच शतांश सेकंदांनी हुकलं. केनियाचा अब्राहम किबिवोट 8 मिनिटं 11.15 सेकंद, अविनाश 11.20. बीडच्या मांडव्याचा हा पोरगा महार रेजिमेंटचा, सियाचीन आणि राजस्थान दोन्ही बघून आलेला. त्याच्यासाठी इकडे किती जणांनी हात जोडले असतील! तिकडे केनियातही कुणीतरी जोडलेच असणार. मग देवाने काय करायचं, पाच शतांश सेकंदांचा हिशेब घालत बसायचं? तीन हजार मीटर, अठ्ठावीस अडथळे आणि सात पाणउड्या एवढं सगळं पळून जो आधी पोचला तो पोचला.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. यात चूक माझी आहे.

टीममध्ये आमच्या भागातला एक पोरगा होता. सगळ्यांत हलका, चढावर सगळ्यांच्या पुढे. नवरात्र आलं आणि त्याने नऊ दिवसांचे उपास धरले. अनवाणी पळायचाही हट्ट धरला होता, तेवढा मी मोडून काढला. उपासाला मात्र नाही म्हणालो नाही. उलट चारचौघांत त्याची पाठ थोपटली, 'आई भवानी बघून घेईल' म्हणालो. टीमचा उस्ताद मी. उस्तादाने असं म्हटल्यावर वीस वर्षांचा पोरगा दुसरं काय ऐकणार?

पाचव्या दिवशी निवड चाचणी होती, दहा किलोमीटरची. आदल्या दिवशी त्याच्या पोटात दोन केळी आणि चहा, बस. आठव्या किलोमीटरपर्यंत तो पुढेच होता. मग सरळ रस्त्यावर त्याचे पाय वाकडे पडायला लागले. मी हाक मारली, तर वळून माझ्याकडे बघितलं, पण ओळख नव्हती त्या बघण्यात. मग गुडघ्यांवर खाली आला. एमआय रूममध्ये साखर तपासली तर अगदी खाली गेलेली. सलाईन लावलं. डॉक्टर साहेबांनी मला बाजूला घेऊन एवढंच विचारलं, "याने शेवटचं जेवण कधी केलं, हे तुला माहीत होतं?" माहीत होतं.

पोरगा दोन दिवसांत उभा राहिला, पण टीममधली जागा गेली. त्याला त्याहून मोठं दुःख होतं ते उपास मोडल्याचं.

मौलवी साहेबांशी हे बोललो. ते म्हणाले, प्रवासात आणि आजारपणात रोजा पुढे ढकलायची मुभा कुराणातच दिलेली आहे. लंडन ऑलिंपिक 2012 मध्ये रमजानच्या महिन्यातच होतं. मो फराहने रोजे नंतरसाठी ठेवले आणि पाच हजार व दहा हजार मीटर दोन्ही सुवर्णं घेतली. त्याची श्रद्धा त्यामुळे कमी झाली असं कुणी म्हणेल? त्याच ऑलिंपिकमध्ये इथिओपियाच्या मेसेरेत देफारने पाच हजार मीटर जिंकल्यावर बनियनच्या आतून मेरीमातेचं चित्र काढलं आणि तोंडाशी धरून रडली. शर्यतभर ते चित्र तिच्या छातीशी होतं, पण पळण्याचं काम तिने पायांनाच करू दिलं.

आपल्याच फौजेतलं बघा. सियाचीनच्या बेस कॅम्पला ओपी बाबांना रिपोर्ट दिल्याशिवाय तुकडी वर जात नाही. मीही दिला आहे, मनापासून दिला आहे. पण बाबांना सलाम केला म्हणून ग्लेशियरवर कुणी कमरेचा दोर सोडून चाललेला मी बघितला नाही. दोराला गाठ मारतानाच बाबांचं नाव घेतात. हे मला आधी समजत होतं, तरी पळण्याच्या बाबतीत मी विसरलो. पळणं आपल्याला साधं वाटतं, त्यात दोर दिसत नाही. जेवण, पाणी आणि झोप हाच तिथला दोर.

त्या पोराच्या आईचा फोन आला तेव्हा मी शिव्या खायच्या तयारीत होतो. माउलीने मला काही बोल लावला नाही. म्हणाली, "साहेब, त्याच्यासाठी उपास मी धरलाय की. त्याला कुणी सांगितलं होतं?"

पुढच्या नवरात्रात त्याने बराकीत घट बसवला. सकाळी दिवा लावायचा, आरती म्हणायचा, मग लंगरमध्ये माझ्यासमोर बसून पुरी-भाजी खायचा. पहिल्या दिवशी त्याचा घास अडत होता, ते मला दिसत होतं. मी ताटातून मान वर काढली नाही. चाचणीत तो तिसरा आला. चढावर काय म्हणत होता ते मी त्याला विचारलेलं नाही.