ढगाचा माथा आणि पावसाचें माप

पाऊस किती पडला, हा प्रश्न ऐकावयास सोपा, पण त्याचें खरें उत्तर देणें कठीण. शेतकऱ्याची पेरणी, धरणांतील पाण्याची वाटणी, दुष्काळाचा निर्णय, पिकाच्या विम्याची भरपाई, हीं सर्व या उत्तराशीं बांधलेलीं आहेत. सांप्रत कित्येकांची अशी समजूत झाली आहे कीं, आकाशांत उपग्रह आल्यामुळें हा प्रश्न कायमचा सुटला, आणि कचेरीच्या अंगणांतील पर्जन्यमापकाचें आतां कांहीं काम उरलें नाहीं. ही समजूत आम्हांस घातक वाटते.

प्रथम उपग्रह काय पाहतो, तें समजून घेऊं. १७ फेब्रुवारी २०२४ रोजीं भारतानें इन्सॅट-३डीएस हा उपग्रह सोडला. विषुववृत्ताच्या वर सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवरून तो आपल्या देशाकडे अहोरात्र पाहत असतो. ढगांतून निघणारे अवरक्त किरण मनुष्याच्या डोळ्यांस दिसत नाहींत. तो ते टिपतो, व त्यांवरून ढगाच्या माथ्याचें तपमान कळतें. माथा जितका थंड तितका ढग उंच, आणि उंच ढग बहुधा जोराचा पाऊस देतो, असें हें अनुमान आहे. म्हणजे या किरणांनीं दिसतो तो ढगाचा माथा. त्याखालीं पडणारा पाऊस नव्हे.

१९७४ सालीं अटलांटिक महासागराच्या उष्ण भागांत अनेक राष्ट्रांनीं मिळून हवामानाचें मोठें निरीक्षण केलें. त्यांतील नोंदींच्या आधारें आर्किन या अमेरिकन शास्त्रज्ञानें एक सोपा नियम बसविला. ज्या ढगाचा माथा सुमारें उणे ३८ अंश सेल्सिअसहून थंड, त्याखालीं ताशी ३ मिलिमीटर पाऊस धरावा. एखाद्या विस्तीर्ण प्रदेशाचा अर्धा भाग असल्या ढगांनीं दोन तास व्यापला, तर प्रदेशाची सरासरी ३ मिलिमीटर झाली. पुढें राव व केळकर या भारतीय शास्त्रज्ञांनीं आर्किन यांच्यासह १९८६ च्या पावसाळ्यांतील इन्सॅट-१बी उपग्रहाच्या नोंदींवरून असाच अंदाज आपल्या देशासाठीं करून पाहिला.

मोठ्या प्रदेशाच्या व दीर्घ काळाच्या सरासरीस हा मार्ग उत्तम. जेथें एकही पर्जन्यमापक नाहीं अशा भर समुद्रावर तर त्याचे उपकार फार आहेत. परंतु एका गांवाचा, एका दिवसाचा पाऊस विचारला कीं अडचण उभी राहते. सह्याद्रीवर मोसमी वारा चढतो, तेव्हां बुटक्या ढगांतूनही मुसळधार पाऊस कोसळतो. त्यांचे माथे फारसे थंड नसल्यामुळें हा पाऊस अंदाजांत कमी धरला जातो. उलट, पिंजलेल्या कापसासारखे उंच हिमकणांचे ढग अतिशय थंड असतात, पण त्यांतून जमिनीवर थेंबही पडत नाहीं. शिवाय पाऊस सर्वत्र सारखा कोठें पडतो? २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्याच शहरांतील कुलाब्यास सुमारें ७३!

२०१४ पासून रडार बाळगणारा उपग्रहही अंतराळांत गेला आहे. त्यानें पुष्कळ उणीव भरून निघाली. तथापि त्याच्या साह्यानें तयार होणारे अंतिम आंकडेदेखील जमिनीवरील पर्जन्यमापकांच्या नोंदींशीं जुळवून दुरुस्त केले जातात. तात्पर्य, वरचा डोळा व खालचें माप हे परस्परांचे वैरी नव्हेत. पण खालचें माप खोटें किंवा बंद पडलेलें असेल, तर वरच्या डोळ्याची चूक दाखवावयास कोणी उरत नाहीं. आणि त्या चुकीचा भार पडतो तो ज्याचें शेत वाळलें किंवा वाहून गेलें त्या कुटुंबावर.

म्हणून आमचें मत असें कीं, प्रत्येक शाळेच्या आवारांत, झाडांपासून व भिंतींपासून दूर, एक पर्जन्यमापक असावा, आणि विद्यार्थ्यांनीं रोज सकाळीं साडेआठ वाजतां त्यांतील पाणी मोजून वहींत लिहावें. पाऊस न पडल्यास शून्य लिहावें, पण पान कोरें ठेवूं नये. आणि न मोजलेला आंकडा अंदाजानें तर कधींच भरूं नये. सुटींत हें काम खंडूं नये म्हणून पालकांनींही हातभार लावावा. विद्यार्थी मित्रहो, उपग्रह सोडण्याची संधि तुमच्यांपैकीं थोड्यांसच मिळेल. पण खरें माप घेऊन तें जसेंच्या तसें लिहिण्याचें काम प्रत्येकास साधण्यासारखें आहे, आणि त्यावांचून उपग्रहाचेंही काम पुरें होत नाहीं.