ताटातले आणि अंगी लागलेले

शालेय पोषण आहाराच्या निकषानुसार पहिली ते पाचवीच्या मुलाला दुपारच्या जेवणातून 450 किलोकॅलरी ऊर्जा आणि 12 ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत. त्यासाठी 100 ग्रॅम धान्य आणि 20 ग्रॅम डाळ ठरलेली आहे. शंभर ग्रॅम तांदळात सात-आठ ग्रॅम प्रथिने असतात, वीस ग्रॅम डाळीत साडेचारच्या आसपास. बारा भरले, कागद पूर्ण झाला. पण या बारातला मोठा वाटा डाळीचा नसून भाताचा आहे, हे फारसे कोणी बोलत नाही. आणि बारापैकी मुलाच्या अंगी किती लागतात, हा प्रश्न तर निकषात नाहीच.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक साखळी. जठरातले आम्ल ती उलगडते, पेप्सिन तिचे तुकडे करते आणि स्वादुपिंडातून येणारे ट्रिप्सिनसारखे पाचकरस ते आणखी बारीक करतात. लहान आतड्याच्या भिंतीतून सुटी अमिनो आम्ले आणि दोन-तीन आम्लांचे तुकडे शरीरात शिरतात. जे उरते ते मोठ्या आतड्यात जाते आणि तिथले जीवाणू त्याचा फडशा पाडतात. मोजणीची मेख इथेच आहे. अनेक वर्षे उंदरांच्या विष्ठेतला नायट्रोजन मोजून अन्नातील प्रथिन किती पचते ते ठरवले जाई. जीवाणूंनी खाल्लेलेही मग ‘पचले’ म्हणून जमेला धरले जाई. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञांनी 2013च्या अहवालात मोजणी लहान आतड्याच्या शेवटी करावी आणि प्रत्येक अमिनो आम्लाची स्वतंत्र करावी, असे सुचवले.

माणसाच्या बाबतीत हे करणे सोपे नाही. बंगळुरूच्या सेंट जॉन्स संशोधन संस्थेत अनुरा कुर्पाड आणि सहकाऱ्यांनी त्यावर मार्ग काढला. धान्यात, डाळीत, अंड्यात जड हायड्रोजनची खूण भरायची, ते अन्न लोकांना खाऊ घालायचे आणि ती खूण रक्तात किती उतरते ते पाहायचे. भारतीय प्रौढांमध्ये उकडलेल्या अंड्यातली आवश्यक अमिनो आम्ले 90 टक्क्यांच्या जवळपास शोषली गेली, तर सालासकट मुगातली सुमारे 63 टक्के. साल काढल्यावर मुगाचा आकडा सत्तरीच्या आसपास गेला. सालातली टॅनिन द्रव्ये प्रथिनांना धरून ठेवतात, शिवाय कडधान्यांत ट्रिप्सिनला अडवणारे घटक असतात. भिजवणे, मोड आणणे, आंबवणे आणि नीट शिजवणे यांनी हा अडथळा बराच कमी होतो. आपल्या स्वयंपाकघराने हे पिढ्यान्‌पिढ्या केले आहे. डाळीला नावे ठेवण्याचे कारण नाही. पातळ वरणाला मात्र जरूर ठेवावीत. तांदळात लायसिन कमी, डाळीत ते भरपूर. डाळीत मिथिओनिन कमी, तांदळात ते पुरेसे. ही जोडी उत्तम, पण डाळ पळीने शोधावी लागत असेल तर जोडी कसली?

शिजवण्याचे महत्त्व तालमीतल्या आणि जिममधल्या मंडळींनीही ध्यानात घ्यावे. बेल्जियममध्ये 1998 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात शिजवलेल्या अंड्यातले सुमारे 91 टक्के प्रथिन पचले, कच्च्यातले जेमतेम 51 टक्के. ग्लासात फोडलेल्या चार अंड्यांतली जवळजवळ दोन लहान आतड्याला न देताच पुढे जातात. एका वेळी तीस ग्रॅमपेक्षा जास्त प्रथिन शरीर घेतच नाही, ही समजूतही तशीच पोकळ. मास्ट्रिख्टच्या संशोधकांनी 2023 मध्ये व्यायामानंतर एकदम 100 ग्रॅम दुधाचे प्रथिन दिले, तेव्हा शरीराने ते वाया घालवले नाही, अधिक तास घेऊन वापरले. पण ज्याला डबाभर पावडर परवडते त्याची चिंता थोडी बाजूला ठेवली तरी चालेल.

चिंता आहे ती शाळेतल्या ताटाची. राज्याने 2023 मध्ये आठवड्यातून एकदा अंडे आणि ते न खाणाऱ्यांना केळे द्यायला सुरुवात केली. जानेवारी 2025 मध्ये अंड्यासाठीचा निधी थांबवला आणि शाळांनी हवे तर लोकसहभागातून सोय करावी, असे सांगितले. आठवड्याला एक अंडे म्हणजे काही क्रांती नव्हे. तरीही त्यातल्या सहा ग्रॅम प्रथिनांपैकी पाचाहून अधिक अंगी लागतात. तेवढीच प्रथिने मुगातून घेतली तर चारच्या आत-बाहेर. ज्या गावात लोकवर्गणी जमण्याची शक्यता सर्वांत कमी, तिथल्याच मुलांना त्या अंड्याची गरज सर्वांत जास्त असते.

अंड्यावरून धार्मिक आणि राजकीय वाद होतात, पुढेही होतील. डाळीला मात्र कोणाचाच विरोध नाही. सहावी ते आठवीच्या मुलांसाठी निकषात 30 ग्रॅम डाळ आधीपासूनच आहे. तीच पहिलीपासून लागू करून वरण घट्ट करायला सरकारला कोणाची समजूत काढावी लागणार नाही, फक्त पैसे काढावे लागतील.