फ्लॅट बायकोला, पण हप्ते कोणाला?

कौटुंबिक न्यायालयाच्या व्हरांड्यात आम्ही अनेक वर्षे वावरतो आहोत. पूर्वी तेथे पोटगीचा आकडा, लग्नातली भांडीकुंडी आणि मुलांचा ताबा यांवर वाद होत. आता त्यात बँकेचे कर्ज येऊन बसले आहे. आपल्या समाजातील शिक्षक, परिचारिका, रेल्वे आणि महापालिका कर्मचारी यांच्या पिढीने घराण्यातला पहिला फ्लॅट कर्ज काढून घेतला. नवरा-बायको दोघांच्या पगाराचे दाखले जोडले तेव्हा कुठे ते कर्ज मंजूर झाले. तेच दोघे वेगळे व्हायला निघतात तेव्हा बँकेच्या खात्याचे काय होणार, हा प्रश्न वकीलसुद्धा शेवटी विचारतात, आणि पुष्कळदा विचारतच नाहीत.

परस्पर संमतीच्या घटस्फोटात एक ठराविक वाक्य आम्ही वारंवार वाचतो. "राहता फ्लॅट पत्नीस देण्यात येत आहे, उर्वरित कर्ज पत्नी फेडील, पत्नीने पोटगीचा हक्क सोडला आहे." हे वाक्य ऐकून नातेवाईक खूष होतात. बाईला घर मिळाले, आणखी काय पाहिजे? आमचा आक्षेप नेमका येथेच आहे.

हिशेब करून पाहू. समजा, जिल्हा परिषदेच्या शाळेतील एक शिक्षिका 45 वर्षांची आहे. हातात पडणारा पगार 42,000 रुपये, पदरात 8 वर्षांची मुलगी. फ्लॅटची किंमत 40 लाख, त्यावर 20 लाखांचे कर्ज बाकी, व्याज 9 टक्के. दोघांच्या नावावर 20 वर्षे मुदत असताना हप्ता सुमारे 18,000 रुपये होता. आता कर्ज एकटीच्या नावावर घ्यायचे तर बँक नव्याने तपासणी करणार. 58 व्या वर्षी निवृत्ती, म्हणजे मुदत 13 वर्षे. हप्ता होतो सुमारे 21,800 रुपये. बँका साधारणपणे निम्म्या पगारापलीकडे हप्ता जाऊ देत नाहीत, आणि येथे तर तो निम्म्याच्या वर गेला. उरलेल्या 20,200 रुपयांत सोसायटीचा मेंटेनन्स, वीज, किराणा, मुलीची फी आणि आईचे औषध. पोटगी ठरली तरी बँक ती पगारासारखी सहजासहजी धरत नाही. नवरा देईल की नाही, हे बँकेलाही ठाऊक असते.

आता नवऱ्याच्या औदार्याकडे पाहा. "चाळीस लाखांचा फ्लॅट दिला," असे तो चारचौघांत सांगतो. वस्तुतः कर्ज वजा जाता फ्लॅटमध्ये 20 लाख शिल्लक आहेत आणि त्यातला त्याचा अर्धा हिस्सा 10 लाख. त्या बदल्यात त्याने मुलीचा खर्चही टाळला. महिना 10,000 रुपये धरले तरी ती 18 वर्षांची होईपर्यंत 12 लाख होतात. मग दिले कोणी आणि घेतले कोणी? मुलीच्या पोषणाचा हक्क आईने सोडला म्हणून सुटत नाही, हा मुद्दा तर वेगळाच.

आणखी एक गैरसमज. न्यायालयाच्या हुकूमनाम्यात "पत्नी कर्ज फेडील" किंवा "पती फेडील" असे लिहिले म्हणजे बँक बांधली गेली, असे लोक धरून चालतात. बँक त्या दाव्यात पक्षकार नसते. कर्जावर ज्यांच्या सह्या आहेत ते दोघेही संपूर्ण रकमेला जबाबदार राहतात. नवऱ्याने हप्ते थांबवले तर 90 दिवसांनी खाते थकीत ठरते, पुढे सरफेसी कायद्याची 60 दिवसांची नोटीस घराच्या दारावर लागते आणि पत दोघांचीही बुडते. दोष कोणाचा, हे बँक पाहत नाही.

बाकी किती, हे तरी कितींना ठाऊक असते? मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर 4 टक्क्यांवरून 6.5 टक्क्यांवर नेला. अनेक बँकांनी हप्ता तोच ठेवून मुदत लांबवली. ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जदाराला हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडू देण्याचे बंधन घातले. 2025 मध्ये दर उतरले, तरी लांबलेली मुदत आपोआप आखडतेच असे नाही. आमच्याकडे येणाऱ्या बायका पाच वर्षांपूर्वीचा कागद दाखवतात आणि त्यावरून तडजोड करायला निघतात.

कायद्याची हत्यारे आहेत. रजनेश विरुद्ध नेहा या 2020 च्या निकालाने दोन्ही बाजूंना मिळकत आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र बंधनकारक केले. पोटगी टाळण्यासाठी ऐनवेळी काढलेले कर्ज त्यात उघडे पडू शकते. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर पश्चिम बंगालमधील एक प्रकरण आले. त्यात उच्च न्यायालयाने पतीलाच फ्लॅट गहाणातून सोडवून पत्नीच्या नावे करण्यास सांगितले होते. सर्वोच्च न्यायालयाने पोटगी 20,000 वरून 50,000 रुपये केली आणि दर दोन वर्षांनी 5 टक्के वाढ दिली. अशी मागणी आपल्या अर्जांत क्वचितच दिसते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 25 खाली पोटगीचा बोजा पतीच्या स्थावर मिळकतीवर ठेवता येतो, तोही कोणी मागत नाही.

हा कायदा बौद्धांनाही लागू आहे, आपल्याला आवडो वा न आवडो. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल रखडवल्यामुळे 1951 मध्ये मंत्रिपद सोडले. नंतर कायदे तुकड्या-तुकड्यांनी झाले, पण संसारात जमवलेल्या मालमत्तेत बायकोचा वाटा काही आला नाही. तसा वाटा देऊ पाहणारे विधेयक 2013 मध्ये राज्यसभेने मंजूर केले. लोकसभेत ते अडकले आणि 2014 मध्ये लोकसभेबरोबर संपले. शेजारच्या गोव्यात वेगळा करार नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता समाईक धरली जाते. सावंतवाडीच्या बाईने काय पाप केले आहे?

संसद जागी होईल तेव्हा होईल. विहारात बसून घटस्फोटाच्या तडजोडी करणारे आपले कार्यकर्ते मात्र आजच सुधारू शकतात. "घर तुझे, भांडण संपले," असे म्हणून सही घेणे त्यांनी थांबवावे. मसुदा करण्याआधी बाईने बँकेतून आजची बाकी, व्याजदर आणि उरलेली मुदत लेखी घ्यावी. कर्ज एकटीच्या नावावर करायला बँक तयार आहे काय, याचेही पत्र घ्यावे. नवऱ्याचा हिस्सा बक्षीसपत्राने घ्यायचा तर तो हुकूमनाम्याआधी, बँकेच्या संमतीने घ्यावा, कारण महाराष्ट्रात राहत्या घरासाठी पती-पत्नीमधील अशा दस्ताला 200 रुपये मुद्रांक शुल्क आहे आणि घटस्फोटानंतर ती पत्नी राहत नाही. बँक पत्र देत नसेल तर नवऱ्याने आपल्या देण्यातून कर्ज इतके कमी करावे की हप्ता तिच्या पगारात बसेल. तेही जमत नसेल तर फ्लॅट विकून, बँकेचे देणे भागवून, उरलेले पैसे वाटून घ्यावेत आणि मुलीचा खर्च वेगळा लिहून घ्यावा.