स्क्रू मऊ नसतो, टोक चुकीचे असते

जपानी मोटारसायकलींचे स्क्रू लोण्यासारखे मऊ असतात, हा गॅरेजमधला जुना आरोप. त्याला पुरावाही हाताशी असतो. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या होंडा सीबीची किंवा यामाहा आरएक्स 100 ची इंजिन कव्हरे पाहिली, की फुलीची खाच गोल झालेले, छिन्नीचे घाव खाल्लेले स्क्रू हमखास सापडतात. पण त्यावरून धातूला दोष देणे चुकीचे आहे. योग्य टोकाने उघडलेला असाच स्क्रू अनेकदा काढ-घाल करूनही शाबूत राहतो. टोक खाचेत तळापर्यंत आणि चारही बगलांनी टेकले नाही, तर सगळा जोर खाचेच्या वरच्या कडांवर येतो. मग टोक वर उसळते आणि उसळताना कडा खरवडून नेते.

फुलीचे सगळे स्क्रूड्रायव्हर सारखेच, हा दुसरा समज याहून घातक आहे. अमेरिकेत हेन्री फिलिप्स यांनी 1930 च्या दशकात फुलीच्या खाचेची पेटंटे मिळवली आणि ती खाच मोटार उद्योगात रुळली. जपानने आपल्या स्क्रूंच्या खाचेसाठी जेआयएस बी 1012 आणि स्क्रूड्रायव्हरसाठी जेआयएस बी 4633 ही मानके ठरवली. वरवर पाहता दोन्ही टोके जुळी वाटतात. मात्र फिलिप्सच्या टोकावर पाकळ्यांमधले कोपरे अधिक गोलसर असतात आणि शेंडा अधिक पुढे आलेला असतो. जपानी खाचेत असे टोक पाकळ्या नीट टेकण्याआधीच अडकते. फरक मिलिमीटरच्या अंशाचा असला, तरी गंजाने धरलेल्या स्क्रूला तेवढा पुरतो. युरोपी पोझिड्राइव्हचे टोक तर इथे लावूच नये. त्याच्या मुख्य पाकळ्यांमधल्या जादा कडा खाचेत मावत नाहीत.

यावर जाणकारांचा एक आक्षेप असतो: जपानी मानक आता आंतरराष्ट्रीय मानकाशी जुळवलेले आहे, तेव्हा ही चिकित्सा कशाला? आक्षेपात तथ्य आहे, पण तो कागदावरचा आहे. दुरुस्तीला येणाऱ्या जुन्या गाड्यांचे स्क्रू त्या आधीचे असू शकतात, आणि हार्डवेअरच्या दुकानातला स्वस्त 'स्टार' स्क्रूड्रायव्हर बहुधा कोणतेच मानक पाळत नाही. शिवाय जपानी टोक फिलिप्स खाचेतही सहसा ठीक बसते, म्हणजे ते घेण्यात तोटा नाही. स्क्रूच्या डोक्यावर बारीक ठिपका असेल तर खाच जपानी समजावी. ठिपका नसला म्हणून ती जपानी नाही, असे मात्र ठरत नाही.

तरीही जेआयएस या तीन अक्षरांची पूजा बांधणाऱ्यांनाही आवरायला हवे. मानक चुकल्याने जितके स्क्रू बिघडतात, त्याहून अधिक माप चुकल्याने बिघडतात. कार्बोरेटरच्या फ्लोट बाउलचे आणि ब्रेकच्या तेलाच्या टाकीच्या झाकणाचे चार-पाच मिलिमीटरचे स्क्रू क्रमांक 2 च्या टोकाचे असतात. क्लच कव्हर आणि मॅग्नेट कव्हरचे सहा मिलिमीटरचे स्क्रू क्रमांक 3 चे. घरोघरी असतो तो क्रमांक 2. तो क्रमांक 3 च्या खाचेत शिरतो, फिरतोही, आणि म्हणूनच फसवतो. झिजलेले टोक अस्सल जपानी असले तरी काय कामाचे?

सगळे स्क्रू काढून अ‍ॅलन बोल्ट लावा, हा सल्लाही सरसकट मानू नये. अ‍ॅलनची खाच टोक उसळू देत नाही, हे खरे. पण कव्हर अ‍ॅल्युमिनियमचे असते आणि सहा मिलिमीटरच्या स्क्रूला साधारण 9 ते 10 न्यूटन-मीटर पीळ पुरतो. लांब की हातात आली की त्याच्या दुप्पट पीळ सहज पडतो, आणि मग डोक्याऐवजी इंजिनाच्या बॉडीतले आटे जातात. ते नुकसान जास्त महागात पडते.

पोलादी स्क्रू अ‍ॅल्युमिनियममध्ये वर्षानुवर्षे बसून राहिला की दोन धातूंमध्ये गंज धरतो, कोकणासारख्या खाऱ्या हवेत लवकरच. असा स्क्रू नुसत्या मनगटाने सोडवू नये. हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर इथेच लागतो. त्याला शेवटचा, रांगडा उपाय समजणे ही मोठी चूक आहे. एकच ठोका टोकाला खाचेत दाबतो आणि त्याच क्षणी पीळही देतो, त्यामुळे उसळायला वाव राहत नाही. खाच गोल झाल्यावर मात्र त्याचा फारसा उपयोग नाही; म्हणून घट्ट स्क्रूवर तो पहिल्यांदाच वापरावा, आधी गंज सैल करणारे तेल सोडून.

खरेदी फार लागत नाही. क्रमांक 2 आणि 3 चे, दांडा मुठीतून आरपार गेलेले जपानी मानकाचे दोन स्क्रूड्रायव्हर आणि त्याच मापांची टोके असलेला एक इम्पॅक्ट ड्रायव्हर एवढ्यात बहुतेक गाड्यांचे काम भागते. क्रमांक 1 इंडिकेटर-मीटरमधल्या बारीक स्क्रूंपुरता लागतो. काम सुरू करण्याआधी खाचेतले तेल, माती आणि रंग टोकदार सुईने काढावेत आणि टोक बसवून हलवून पाहावे; ते डुलत असेल तर माप बदलावे.