जागा बदला, पत्ता बदलू नका

संस्थेची वेबसाइट एका होस्टिंग कंपनीकडून दुसरीकडे न्यायची वेळ आली की आपण ते काम कॉम्प्युटर जाणणाऱ्या एखाद्या तरुण कार्यकर्त्यावर सोपवतो आणि मोकळे होतो. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या छोट्या संस्थांना मी या कामात मदत करतो. माझे स्पष्ट मत आहे की हा विषय कार्यकारिणीच्या बैठकीत चर्चेला यायला हवा आणि त्यावर लेखी ठराव व्हायला हवा.

होस्टिंग ही भाड्याची खोली आहे आणि डोमेन ही दारावरची पाटी. पहिल्या वर्षी भाडे स्वस्त असते, नूतनीकरणाच्या वेळी ते अनेकदा कितीतरी वाढते. वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेने स्वस्त खोली शोधली तर त्यात गैर काही नाही. पण पाटी कोणाच्या नावावर आहे? मी पाहिलेल्या बऱ्याच संस्थांमध्ये ती वेबसाइट बनवणाऱ्या मुलाच्या खासगी ईमेलवर नोंदलेली असते. तो नोकरीसाठी पुण्याला जातो, नंबर बदलतो, मुदत संपल्याची सूचना कोणी वाचत नाही. एका संस्थेचे डोमेन असेच सुटले. आज त्या नावावर ऑनलाइन जुगाराच्या जाहिराती दिसतात.

दुसरा प्रश्न पत्त्यांचा. मराठी विश्वकोशाचे काम सातारा जिल्ह्यातल्या वाईतून चालते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी उभा केलेला हा प्रकल्प इंटरनेटवर आला, ही मराठी वाचकांसाठी मोठीच गोष्ट. पण त्याचा वेबपत्ता आधी स्वतंत्र होता, मग शासनाच्या पत्त्याखाली गेला, नंतर पुन्हा बदलला. मजकूर आजही वाचता येतो, पण लोकांनी आपल्या लेखांत, टिपणांत दिलेल्या जुन्या लिंक निकामी झाल्या. शासनाचे पाठबळ असलेल्या कोशाची ही गत, तर आपले काय? वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच बजावले होते की चांगला वेबपत्ता बदलत नसतो. खोली बदलली तरी प्रत्येक पानाचा पत्ता तोच ठेवता येतो. बदलावाच लागला, तर जुन्या पत्त्यावरून नव्या पानावर आपोआप नेणारी सोय करता येते. काम कंटाळवाणे आहे, अशक्य नाही.

तिसरा प्रश्न प्रतींचा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी सांगली नगर वाचनालयात शिरले आणि हजारो पुस्तके गेली. मजकूर सर्व्हरवर आहे म्हणजे सुरक्षित आहे, असे समजू नका. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. ज्यांची दुसरीकडे प्रत नव्हती, अशा अनेकांचा डेटा कायमचा गेला. कंपनीच्या बॅकअपशिवाय एक पूर्ण प्रत संस्थेच्या कपाटातल्या हार्ड डिस्कवर असायलाच हवी.

आपल्या भाषांची अडचण आणखी वेगळी. डेटाबेसचे एन्कोडिंग नव्या जागी जुळले नाही, तर मराठी आणि उर्दू मजकुराच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे उमटतात. इंग्रजी पाने मात्र ठीक दिसतात, म्हणून मुखपृष्ठ पाहून ‘झाले काम’ म्हणणारा फसतो. जुनी खोली सोडण्याआधी प्रत्येक वर्षाचे एक तरी मराठी आणि एक तरी उर्दू पान उघडून वाचा. होस्टिंगबरोबर मिळालेले ईमेलही तपासा. वेबसाइट नव्या जागी गेली आणि वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार जुन्या जागी पुसला गेला, असे सहज होते.

एवढी दगदग कशासाठी, असे कोणी विचारेल. मोठ्या पक्षांची भाषणे वृत्तपत्रांच्या संग्रहात सापडतील. पण तालुक्याच्या गावी महिलांच्या हक्कांसाठी निघालेला मोर्चा, तहसीलदारांना दिलेले निवेदन, दंगलीनंतर दोन्ही मोहल्ल्यांत वाटलेले शांततेचे पत्रक, हे आपणच जपले नाही तर कोणाकडेही मिळणार नाही. उद्या कोणी म्हणाले, ‘तेव्हा तुम्ही गप्प का होता?’ तर उत्तर म्हणून दाखवायला ते पान जागेवर असले पाहिजे.

म्हणून पुढच्या बैठकीत चार ठराव करा. डोमेन संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्या ईमेलवर घ्या. पासवर्ड निदान दोन पदाधिकाऱ्यांकडे ठेवा. वर्षातून दोनदा पूर्ण प्रत काढा आणि ती उघडते का, ते पाहा. नवी जागा तपासून होईपर्यंत, म्हणजे निदान महिनाभर, जुनीचेही भाडे भरा. तेवढा खर्च एखाद्या सभेच्या मांडवापेक्षा कमीच येतो.